रोबोट व्हिजनचे प्रयोग: रेकॉर्डिंगपासून चाचणीपर्यंतचं काम एका कमांडवर कसं आणायचं

तुमच्याकडे कॅमेरा लावलेला रोबोट आहे. ओळखायच्या वस्तू ठरल्या आहेत, आणि एखादं तयार मॉडेल तुमच्या फोटोंवर ट्रेन करून झालं आहे. ते बऱ्यापैकी चाललंही. आता कुणीतरी विचारतं, "मागचं मॉडेल नेमकं कोणत्या फोटोंवर शिकलं होतं?" आणि तुम्ही 'डेटा_फायनल', 'डेटा_फायनल_नवा' आणि 'डेटा_खरंच_फायनल' या तीन फोल्डरांकडे बघत बसता. हा लेख त्या टप्प्यावर अडकलेल्यांसाठी आहे.

ट्रेनिंग तसं आधीपासूनच स्वयंचलित असतं. स्क्रिप्ट सुरू केली की जीपीयू आपलं काम करत राहतो. घोळ होतात ते दोन टप्प्यांच्या मधल्या जागेत: रेकॉर्डिंगमधून फ्रेम काढताना, लेबल केलेल्या (कोणती वस्तू कुठे आहे ते नोंदवलेल्या) फाइली परत आणताना, ट्रेन आणि टेस्टचे (शिकवण्याचे आणि तपासण्याचे) फोटो वेगळे करताना, मॉडेल रोबोटवर चढवताना. या जागी माणूस फाइली उचलून इकडून तिकडे ठेवतो, आणि त्याची कुठे नोंद राहत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून टाका, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रोबोटच्या डेटाचं एकक सेशन असतं, फ्रेम नव्हे. रेकॉर्डिंग चालू केलं, रोबोट फिरवला, रेकॉर्डिंग बंद केलं, हे झालं एक सेशन. त्यातल्या सगळ्या फ्रेम एकाच प्रकाशातल्या, एकाच मांडणीतल्या, एकाच कॅलिब्रेशनच्या (कॅमेरा आणि लेन्सच्या मोजमापाच्या) असतात. इंटरनेटवरून गोळा केलेल्या फोटोंसाठी लिहिलेल्या बहुतेक शिकवण्या प्रत्येक फोटो सुटा धरतात. रोबोटवर ते गृहीतक चालत नाही.

काय काय लागेल

- कॅमेरा. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवता येतील असा. रोबोट वेगाने हलणार असेल तर ग्लोबल शटरचा घ्या. रोलिंग शटरमध्ये चित्राच्या ओळी एकामागून एक टिपल्या जातात, त्यामुळे सरळ कडा तिरक्या दिसतात.
- रॉस २ (रोबोटवरचे प्रोग्राम संदेशांनी जोडणारी व्यवस्था) आणि त्याची बॅग, म्हणजे ते संदेश साठवणारं रेकॉर्डिंग, करण्याची सोय.
- कॅलिब्रेशनसाठी चारुको बोर्ड (बुद्धिबळाच्या पटासारखी, खुणा असलेली छापील नक्षी), कडक सपाट पाटीवर चिकटवलेला. नुसता कागद वाकतो.
- कोडच्या आवृत्त्यांसाठी गिट; डेटाच्या आवृत्त्या ठेवायला आणि टप्पे चालवायला डीव्हीसी.
- लेबलिंगसाठी सीव्हॅट किंवा लेबल स्टुडिओ. दोन्ही स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतात.
- ट्रेनिंगला पायटॉर्च, नोंदींना एमएलफ्लो, आणि सगळ्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या गोठवून ठेवायला डॉकर.
- डिस्क, आणि भरपूर. ६४०×४८० चा न दाबलेला रंगीत व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमने घेतला तर सेकंदाला सुमारे २७.६ मेगाबाइट होतात, म्हणजे तासाला जवळपास १०० गिगाबाइट. हे एका कॅमेऱ्याचं.

एअरफ्लो, क्यूबफ्लो ही टप्पे चालवणाऱ्या मोठ्या साधनांची नावं ऐकून दडपून जाऊ नका. एक-दोन माणसं आणि एक जीपीयू असेल तर डीव्हीसी पुरतं. कधी कधी साधी मेकफाइलही (कमांडची क्रमवार यादी) पुरते.

## १. आधी सगळं एकदा हाताने करा

एक छोटं सेशन घ्या, त्यातल्या थोड्या फ्रेम लेबल करा, ट्रेन करा, रोबोटवर चालवा. निकाल वाईट आला तरी चालेल. हे करताना तुम्ही टाइप केलेली प्रत्येक कमांड आणि हाताने हलवलेली प्रत्येक फाइल लिहून ठेवा. तीच यादी तुमच्या पाइपलाइनचा, म्हणजे आपोआप एकामागून एक चालणाऱ्या टप्प्यांचा, आराखडा आहे. हे न करता थेट पाइपलाइन लिहायला बसलं की कधीच न लागणारे टप्पे दिमाखदार होतात, आणि खरे अडणारे टप्पे राहून जातात.

## २. सेशनची माहिती रेकॉर्डिंगच्या क्षणीच टिपा

नंतर लिहू म्हणून सोडलेली माहिती नंतर लिहिली जात नाही. म्हणून रेकॉर्डिंग सुरू करणारी स्क्रिप्टच असं बघेल की माहिती भरल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरूच होणार नाही. प्रत्येक सेशनच्या फोल्डरमध्ये बॅगच्या शेजारी एक यॅमल फाइल (नाव आणि किंमत लिहिलेली साध्या मजकुराची फाइल) हवी. तिच्यात एवढं तरी असावं:

- सेशनचा आयडी, म्हणजे तारीख, वेळ आणि रोबोटचं नाव
- कॅमेऱ्याचा सीरियल नंबर, रिझोल्यूशन, एक्स्पोजर, गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण)
- कॅलिब्रेशन फाइलचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा तिचा ठसा
- जागा आणि प्रकाश, ठरावीक पर्यायांतून निवडलेले
- रोबोटवर त्या वेळी चाललेल्या कोडचा कमिट, म्हणजे गिटमधली त्या आवृत्तीची नोंद

जागा आणि प्रकाश यांच्यासाठी मोकळी ओळ ठेवू नका. एक जण 'खिडकीजवळ' लिहितो, दुसरा 'खिडकी', तिसरा 'उजेड', आणि पुढे गट पाडायला बसलात की डोकं धरायची वेळ येते. मोकळ्या शेऱ्यासाठी वेगळी जागा द्या. त्या शेऱ्यांतच पुष्कळदा खरी गंमत सापडते.

बॅग एकदा बंद झाली की ती केवळ वाचण्यासाठी. फोल्डरची लिहिण्याची परवानगी स्क्रिप्टनेच काढून घ्यावी. मूळ बॅगला कुणीही हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा. बाकी सगळं तिच्यापासून पुन्हा तयार करता आलं पाहिजे.

## ३. कॅमेरा आणि घड्याळ ताब्यात घ्या

या टप्प्याचा कंटाळा येतो, पण इथे बिघडलेलं पुढे कोणतंही मॉडेल दुरुस्त करत नाही.

धूसरपणा. कॅमेरा वळताना किती पिक्सेल धूसर होतील याचा अंदाज साध्या गुणाकाराने येतो: पिक्सेलमधली फोकल लांबी × वळण्याचा वेग × एक्स्पोजरचा वेळ. फोकल लांबी ६०० पिक्सेल, वेग सेकंदाला १ रेडियन आणि एक्स्पोजर २० मिलिसेकंद असेल तर १२ पिक्सेल. लांबून दिसणारी वस्तूच मुळात २० पिक्सेलची असेल तर तिचं काय उरणार? एक्स्पोजर कमी करा आणि दिवे वाढवा. गेन वाढवणं हा त्यानंतरचा उपाय, कारण त्यासोबत नॉइज येतो.

ऑटो एक्स्पोजर. तो बंद करा असा सल्ला सर्रास मिळतो. माझं मत थोडं वेगळं आहे. रोबोट शेवटी ज्या सेटिंगवर चालणार, त्याच सेटिंगवर डेटा घ्या. प्रयोग बंद खोलीत असेल तर सगळं गोठवा. रोबोट आत-बाहेर फिरणार असेल तर ऑटो चालू ठेवा, पण त्या-त्या फ्रेमची एक्स्पोजरची किंमत नोंदवा.

कॅलिब्रेशन. झेंगयू झँग यांनी २००० साली मांडलेली पद्धत ओपनसीव्ही या चित्रांच्या लायब्ररीत तयार मिळते: सपाट नक्षी वेगवेगळ्या कोनांतून दाखवायची. रीप्रोजेक्शन एरर (गणिताने काढलेली जागा आणि चित्रात दिसणारी जागा यांतलं अंतर) अर्ध्या पिक्सेलच्या आत आला की लोक खूश होतात, पण बोर्ड सतत चित्राच्या मध्यभागीच धरला असेल तर तो आकडा फसवा असतो. कोपऱ्यांत न्या, तिरका करा, जवळ-लांब करा. फोकस हलला किंवा लेन्स बदलली की नवं कॅलिब्रेशन. सेशन सुरू करणाऱ्या स्क्रिप्टने सीरियल नंबर आणि कॅलिब्रेशन फाइल यांची जोडी तपासावी आणि जुळली नाही तर थांबावं.

वेळेचे शिक्के. बॅगमध्ये संदेश पोहोचल्याची वेळ वेगळी आणि संदेशाच्या हेडरमधली वेळ वेगळी. फ्रेम आणि रोबोटची जागा जुळवताना हेडरमधली वेळ वापरा. रोबोट सेकंदाला अर्धा मीटर वेगाने जात असेल आणि शिक्का १०० मिलिसेकंद चुकला, तर जागा ५ सेंटिमीटरने चुकते; पकडण्याच्या कामात तेवढ्यात सगळं हुकतं. कॅमेरा एका संगणकावर आणि चाकं दुसऱ्यावर असतील तर दोघांची घड्याळं क्रोनी किंवा पीटीपीने जुळवा. वेगवेगळ्या वेगाने येणारे संदेश जोडायला रॉसच्या मेसेज फिल्टर्समधला अप्रॉक्सिमेट टाइम सिंक्रोनायझर आहे. तो स्वतः लिहीत बसू नका.

## ४. बॅगमधून फ्रेम काढा

सगळ्या फ्रेम काढायच्या नाहीत. उभ्या रोबोटने घेतलेल्या ३० फ्रेममध्ये नवं काहीच नसतं. ठरावीक अंतर सरकल्यावर किंवा ठरावीक कोनात वळल्यावरच एक फ्रेम घ्या; ओडोमेट्री, म्हणजे रोबोटने मोजलेली स्वतःची हालचाल, बॅगमध्ये असतेच. फाइलच्या नावात सेशनचा आयडी आणि नॅनोसेकंदांतली वेळ ठेवा. 'फ्रेम_०००१' असं नाव दोन सेशनांत सापडतं आणि एक फाइल दुसरीवर चढते.

इथले दोन सापळे त्रासदायक आहेत, कारण एरर येत नाही. पहिला, ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-लाल या क्रमाने वाचतं, आणि आधीच ट्रेन झालेली बहुतेक मॉडेलं लाल-हिरवा-निळा अपेक्षित धरतात. उलटं झालं तरी मॉडेल चालतं, फक्त जरा वाईट चालतं, आणि तुम्ही लर्निंग रेटशी (शिकण्याच्या पावलाच्या आकाराशी) झटत बसता. दुसरा, डेप्थची चित्रं सहसा मिलिमीटरमध्ये १६ बिटची असतात. ती जेपेगमध्ये कोंबली की खोली गेली. पीएनजी वापरा.

## ५. लेबलिंग: किती मशीनवर सोडायचं?

साधन उघडण्याआधी एक पानाचा नियम लिहा. अर्धी झाकलेली वस्तू लेबल करायची का? चित्राबाहेर गेलेली? आरशातली? किती लहान असेल तर सोडून द्यायची? हे ठरलेलं नसेल तर दोन माणसांची लेबलं दोन वेगळ्या गोष्टी शिकवतात.

सुरुवातीची लेबलं मशीनने काढावीत, माणसाने सुधारावीत. यात वेळ खूप वाचतो. मेटाने एप्रिल २०२३ मध्ये आणलेलं सॅम हे मॉडेल १ कोटी १० लाख चित्रांवरच्या १०० कोटींहून अधिक मास्कवर (वस्तूच्या आकाराच्या खुणांवर) शिकलेलं आहे, आणि एका क्लिकवर वस्तूची कड बऱ्याचदा नीट पकडतं. तुमचं स्वतःचं मॉडेल जरा तयार झालं की तेही पुढच्या सेशनची कच्ची लेबलं काढू शकतं.

पण टेस्टची लेबलं कोऱ्या चित्रावर, हातानेच करा. समोर वस्तूभोवती तयार चौकट दिसली की माणूस ती मान्य करून पुढे जातो. अशा लेबलांवर मॉडेल तपासणं म्हणजे विद्यार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासणं. शिवाय प्रसिद्ध डेटासेटही याबाबतीत निर्दोष नाहीत: २०२१ मध्ये झालेल्या एका अभ्यासात, सर्रास वापरल्या जाणाऱ्या १० डेटासेटच्या टेस्टमध्ये सरासरी किमान ३.३ टक्के लेबलं चुकीची निघाली.

रोबोट जवळ असण्याचा मोठा फायदा म्हणजे काही लेबलं तो स्वतःच देऊ शकतो. हाताच्या सांध्यांचे कोन माहीत असतात, हात आणि कॅमेऱ्यातलं नातं कॅलिब्रेट केलेलं असतं, टेबलावर एप्रिलटॅग (कॅमेऱ्याला ओळखता येणारी छापील चौकोनी खूण) लावला की वस्तूची जागा मोजता येते. मग कॅमेरा फिरवत राहा, प्रत्येक फ्रेमचं लेबल गणिताने निघतं. कार्नेगी मेलनमधल्या एका कामात, जे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं, रोबोटने ७०० तास वस्तू पकडण्याचे ५०,००० प्रयत्न केले आणि पकड जमली की नाही हे रोबोटनेच ठरवलं. सापळा एवढाच की चित्रात टॅग दिसत असेल तर मॉडेल वस्तूऐवजी टॅग ओळखायला शिकतं. टॅग चित्राबाहेर ठेवा किंवा झाका, आणि काही चित्रं टॅगशिवाय घेऊन तपासा.

लेबलं परत आली की एक तपासणी स्क्रिप्ट चाललीच पाहिजे: चौकट चित्राबाहेर आहे का, क्षेत्रफळ शून्य आहे का, यादीत नसलेला वर्ग आहे का, संपूर्ण सेशनमध्ये एकही लेबल नाही असं झालंय का. शेवटी यादृच्छिक निवडलेल्या चित्रांवर लेबलं काढून एक पान तयार करा आणि डोळ्यांनी बघा. बघण्याचं काम कुठल्याही स्क्रिप्टला देऊ नका.

## ६. ट्रेन, व्हॅलिडेशन, टेस्ट: सेशननुसार वाटा

ट्रेनवर मॉडेल शिकतं, व्हॅलिडेशनवर सेटिंग ठरतात, टेस्टवर शेवटचा निकाल लागतो. नवख्यांचे सगळ्यात गोड निकाल इथल्या गळतीतून येतात. फ्रेम यादृच्छिक वाटल्या की एक फ्रेम ट्रेनमध्ये आणि तिच्या लगेच पुढची टेस्टमध्ये जाते. दोन्ही जवळजवळ सारख्या. टेस्टचा आकडा झकास येतो आणि रोबोट नव्या खोलीत गेला की भिंतीवर टेबल दिसू लागतं. म्हणून आख्खं सेशन एकाच भागात गेलं पाहिजे. आकडा पडेल. पडू द्या, तोच खरा होता.

त्याहून पुढचा प्रश्न: तुम्हाला नेमकं काय सिद्ध करायचं आहे? नव्या जागी चालतं असा दावा असेल तर टेस्टची जागाच ट्रेनमध्ये कुठेही नको. नव्या प्रकाशात चालतं असा दावा असेल तर प्रकाशाचा एक आख्खा गट बाहेर ठेवा. यॅमलमध्ये जागा आणि प्रकाश भरून घेतला होता तो यासाठीच.

सेशनं भरपूर असतील तर आयडीच्या हॅशवरून भाग ठरवा. मग नवं सेशन आलं तरी जुनी जागा सोडत नाहीत. सेशनं थोडीच असतील तर हॅशने वाटणी एकांगी होऊ शकते. अशा वेळी तीन याद्या हाताने लिहा आणि गिटमध्ये ठेवा. एक छोटी चाचणीही लिहा, जी कोणताही आयडी दोन याद्यांत सापडला तर पाइपलाइन थांबवेल. चित्रं फिरवून, उजळून वाढवायची असतील तर ती वाटणीनंतर, आणि फक्त ट्रेनची.

## ७. टप्पे एकमेकांना जोडा

आता वरची प्रत्येक गोष्ट डीव्हीसीचा एक टप्पा होते. टप्प्यासाठी तीन गोष्टी सांगायच्या: काय आत येतं, काय बाहेर जातं, कोणते पॅरामीटर लागतात. पुढच्या वेळी रेप्रो कमांड दिली की जे बदललंय तेवढेच टप्पे पुन्हा चालतात. लर्निंग रेट बदलला तर बॅगमधून फ्रेम पुन्हा निघत नाहीत. फ्रेम काढण्याचं अंतर बदललं तर तिथून पुढचं सगळं चालतं.

सगळे पॅरामीटर एकाच फाइलमध्ये ठेवा. स्क्रिप्टच्या पोटात दडलेला आकडा डीव्हीसीला पॅरामीटर म्हणून दिसत नाही. स्क्रिप्ट स्वतः आत येणाऱ्या गोष्टींत सांगितलेली नसेल, तर तो बदलला तरी जुनाच निकाल समोर येतो. तसंच, न सांगितलेली फाइल स्क्रिप्टने गुपचूप वाचली तरी तेच होतं. फोल्डरमधल्या फाइली वाचताना आधी क्रम लावा, कारण सिस्टिम त्या कोणत्याही क्रमाने देऊ शकते.

आणखी एक सवय लावा: मूठभर चित्रांचा चिमुकला डेटासेट रेपॉझिटरीतच ठेवा आणि प्रत्येक कमिटला संपूर्ण पाइपलाइन त्याच्यावर चालवा. मॉडेल काही शिकणार नाही, पण तुटलेला टप्पा काही मिनिटांत कळेल. रात्रभराच्या ट्रेनिंगच्या शेवटी, मूल्यमापनाच्या ओळीवर कळणार नाही.

## ८. ट्रेनिंग

याबद्दल इतरत्र खूप लिहिलेलं आहे, म्हणून थोडक्यात. कमिट न केलेला कोड असेल तर ट्रेनिंगने सुरू व्हायला नकार द्यावा. प्रत्येक धावेसोबत गिटचा कमिट, डेटाचा हॅश, डॉकर इमेजची ओळख आणि सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा अंक) एमएलफ्लोत जावेत. सीड ठरवूनही जीपीयूवर निकाल थोडे हलतात, म्हणून निदान तीन सीडवर चालवा आणि सरासरीसोबत फरकही सांगा. मोठी धाव सुरू करण्याआधी एकाच बॅचवर (चित्रांच्या एका छोट्या गटावर) लॉस, म्हणजे चुकीचं माप, जवळपास शून्यावर येतो का ते बघा. येत नसेल तर डेटा वाचण्यात किंवा लॉसमध्ये गडबड आहे.

## ९. मूल्यमापन

एक एमएपीचा (वस्तू ओळखण्याच्या सरासरी अचूकतेचा) आकडा पुरेसा नाही. कोको या प्रसिद्ध डेटासेटच्या पद्धतीत आयओयूच्या (मॉडेलची आणि खरी चौकट किती जुळतात त्या प्रमाणाच्या) ०.५० ते ०.९५ पर्यंतच्या उंबरठ्यांवर, ०.०५ च्या पायऱ्यांनी, सरासरी काढतात. तुलनेला ते ठीक. पण रोबोटला वस्तू ३ मीटरवर दिसली का, संध्याकाळी दिसली का, किती मिलिसेकंदांत दिसली, हे त्यातून कळत नाही. अहवाल तयार करणाऱ्या स्क्रिप्टने प्रत्येक सेशनची वेगळी ओळ द्यावी आणि सगळ्यात वाईट सेशन सर्वांत वर ठेवावं. खालोखाल त्या सेशनमधल्या चुकलेल्या फ्रेम, चित्रांसह.

प्रत्यक्ष रोबोटवरच्या चाचण्यांबद्दल सावध राहा, कारण त्या संख्येने कमी असतात. २० पैकी १७ वेळा जमलं म्हणजे ८५ टक्के. पण ९५ टक्के विश्वासाने बोलायचं तर खरा दर साधारण ६४ ते ९५ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो. दुसऱ्या मॉडेलला १५ वेळा जमलं, तर एवढ्यावरून पहिलं सरस म्हणता येत नाही. दोन मॉडेलांची तुलना करताना क्रम स्क्रिप्टने यादृच्छिक ठरवावा आणि वस्तू मांडणाऱ्याला आता कोणतं मॉडेल चालू आहे ते कळू देऊ नये. नाहीतर आवडत्या मॉडेलसमोर वस्तू जरा सोयीच्या जागी ठेवल्या जातात, नकळत.

## १०. मॉडेल रोबोटवर चढवा

सहसा पायटॉर्चमधून ओएनएनएक्स (मॉडेल साठवण्याचा सामायिक फॉरमॅट) आणि तिथून टेन्सरआरटी (एनव्हिडियाच्या जीपीयूवर मॉडेल वेगाने चालवणारं साधन) असा रस्ता असतो. टेन्सरआरटीचं इंजिन साधारणपणे ज्या जीपीयूवर आणि ज्या आवृत्तीत बांधलं त्यालाच बांधलेलं असतं, म्हणून ते सर्व्हरवर न बांधता रोबोटच्या संगणकावरच बांधा. वेगासाठी मॉडेलमधले आकडे ८ बिटवर आणत असाल तर त्यासाठी लागणारी नमुना चित्रं ट्रेनच्या सेशनमधून घ्या, टेस्टमधून नव्हे.

रूपांतर झाल्यावर दोन तपासण्या आपोआप व्हाव्यात. त्याच फ्रेमवर मूळ मॉडेल आणि रूपांतरित मॉडेल यांची उत्तरं ठरावीक फरकाच्या आत आहेत का. आणि जुनी बॅग रोबोटच्या संगणकावर पुन्हा चालवून, खऱ्या वेगाने फ्रेम येत असताना किती फ्रेम गळतात. प्रीप्रोसेसिंग (चित्र मॉडेलला देण्याआधीची तयारी) रोबोटच्या कोडमध्ये वेगळं लिहिलं असेल तर पहिली तपासणी हमखास नापास होते. चित्राचा आकार बदलण्याची पद्धत वेगळी निघते किंवा रंगांचा क्रम.

दोन्ही पार झाल्या तरी नवं मॉडेल आपोआप चालू होऊ देऊ नका. शेवटचं बटण माणसाने दाबायचं, आणीबाणीचं बटण हाताशी ठेवून. जुनं मॉडेल रोबोटवरच राहू द्या, म्हणजे एका ओळीच्या बदलाने मागे जाता येतं.

रोबोट चालू असताना चुकेल तो क्षणही वाया घालवू नका. रॉस २ च्या बॅगमध्ये स्नॅपशॉटची सोय आहे: अलीकडचे संदेश मेमरीत फिरते राहतात आणि सांगितलं की डिस्कवर उतरतात. ती जॉयस्टिकच्या एका बटणाला जोडा. असा प्रत्येक तुकडा स्वतःच्या आयडीचं आणि स्वतःच्या यॅमलचं नवं सेशन म्हणून आत येऊ द्या, लेबलिंगच्या रांगेत सर्वांत पुढे. तो ट्रेनमध्ये जाऊ द्या. टेस्टमध्ये घालू नका: हे तुकडे या मॉडेलच्या चुकांवरूनच वेचलेले असतात, आणि ते टेस्टमध्ये शिरले की या महिन्याचा आकडा मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून बघता येत नाही.